जुन्या ट्रकचा एक्सल खोलताना न सुटणारे नट-बोल्ट कसे सोडवायचे

जुना टाटा 407 ट्रक स्वस्तात मिळाला म्हणून घेतला किंवा घरचाच 1210 शेडमध्ये उभा आहे, आणि आता मागचा एक्सल पूर्ण खोलून बेरिंग, सील, ब्रेकचे लायनर सगळं नवीन टाकायचं ठरवलंय. छान. पण सुरुवातीचे दिवस तुमचं भांडण एक्सलशी नसणार, नट-बोल्टशी असणार हे आधीच धरून चाला. एक्सलच्या आतलं काम तसं सोपं असतं, तिथे सगळं तेलात बुडालेलं असतं आणि पाना लावला की सुटतं. त्रास देतात ते बाहेरचे, वर्षानुवर्षं चिखल, पाणी आणि लायनरची भुकटी खाल्लेले.

गाडी कुठे चाललीय यावर बरंच असतं. सोलापूर-लातूरकडे फिरलेल्या गाडीवर धूळ आणि ग्रीसचा जाड थर असतो, दिसायला घाण, पण त्याच्याखाली नट बऱ्यापैकी शाबूत निघतो. रत्नागिरी-मालवणकडची गाडी, त्यातून मासळी वाहिलेली, म्हणजे बर्फाचं खारट पाणी रोज चेसिसवर आणि पाट्यांवर (स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) गळलेलं. अशा गाडीला वेळ दुप्पट धरा आणि यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारे), शॉकॉबचे (शॉक अॅब्सॉर्बरचे) बोल्ट, ब्रेक पाइप हे नवीनच लागणार असं समजून बजेट करा.

आणि नट अडकतो का हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगून बसतो आणि नट आतून जाम होतो. म्हणजे तुम्हाला तो गंज फोडायचाय, बोल्ट पिळायचा नाहीये. नवीन माणूस नेमका उलटं करतो, पान्याला लांब पाइप लावतो आणि लटकतो. साधा हिशोब करा, 60 किलोचा माणूस तीन फुटी पाइपच्या टोकाला लटकला तर साधारण 540 न्यूटन-मीटर जोर पडतो, आणि 8.8 ग्रेडचा (हा ताकदीचा आकडा) एम 12 म्हणजे 12 मिमीचा बोल्ट कसायलाच साधारण 80 लागतात. बोल्ट तुटणार नाही तर काय होणार. पाइप चाकाच्या नटांना ठीक आहे, बारक्याला नको.

आधी वाटणी करा

पान्याला हात लावायच्या आधी खडू किंवा पेंट मार्कर घ्या आणि गाडीखाली जाऊन प्रत्येक नट बघा. दोनच जाती आहेत. एक, ज्यांचा बोल्ट आरपार आहे आणि दोन्ही टोकं बाहेर दिसतात, उदाहरणार्थ यू-बोल्ट, शॉकॉबचे बोल्ट, ब्रॅकेटचे बोल्ट. यांच्यावर फुली मारा, हे मेले तरी चालतील, बाजारात नवीन मिळतात आणि कापायला ग्राइंडर पाच मिनिटं घेतो. दुसरे ते, जे कुठल्या तरी महागड्या कास्टिंगमध्ये आटे करून बसलेत, म्हणजे हबवरचे एक्सल शाफ्टचे स्टड (बिनडोक्याचे बोल्ट), हाऊसिंगवरचे डिफरन्शियलचे स्टड, ड्रमचे स्क्रू, बॅकप्लेटचे बोल्ट. यांना गोल करा. इथे बोल्ट गेला तर गेला, पण तो ज्यात बसलाय त्याचे आटे वाचले पाहिजेत. फुलीवाल्यांवर तासभर घालवणारे आणि गोलवाल्यांवर घण मारणारे लोक मी बरेच बघितलेत, ही वाटणी केली असती तर निम्मं काम वाचलं असतं.

हत्यारं फार लागत नाहीत पण जी घ्याल ती बरी घ्या. सहा कोनांच्या गोट्या (सॉकेट) घ्या, बारा कोनांच्या नको, बारावाली झिजलेल्या नटाचे कोपरे सोलून काढते. अर्धा इंची आणि पाऊण इंची टॉमी (गोटी फिरवायचा दांडा), एक किलोची हातोडी, पितळी हातोडी किंवा पितळेचा जाड रॉड, दोन-तीन चांगल्या छन्न्या, सेंटर पंच, वायर ब्रश, ग्राइंडर, आटे साफ करायला टॅप (भोकासाठी) आणि डायचा (बोल्टसाठी) सेट. हातोडी मारून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर पण घ्या, स्वस्त असतो आणि ड्रमच्या स्क्रूला त्याच्याशिवाय पर्याय नाही. जुनी चांगल्या लोखंडाची हत्यारं पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मिळतात, मुंबईत नवीन घ्यायची तर नागदेवी स्ट्रीट आहेच. गॅस कटिंगचा सेट स्वतः विकत घेऊ नका, गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याशी ओळख करा, ते जास्त कामाचं.

गाडी घोडीवरच (लोखंडी स्टँडवर) ठेवायची, नुसत्या जॅकवर कधीच नाही, आणि सिमेंटचा ब्लॉक तर अजिबात नको कारण तो आवाज न करता अचानक फुटतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. एक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षात येत नाही, मागचा एक्सल शाफ्ट एकदा बाहेर आला की गाडी गिअरमध्ये असून पण मोकळीच असते, तेव्हा गिअरच्या भरवशावर राहू नका. डोळ्याला गॉगल. आणि ड्रमच्या आतली काळी भुकटी हवेने उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

भिजवणं आणि ठोकणं

काम सुरू करायच्या दोन-तीन दिवस आधी सगळे नट वायर ब्रशने घासा. बाहेर आलेले आटे अगदी मन लावून साफ करा, कारण नट ज्या आट्यांवरून बाहेर येणार ते घाण असतील तर सुटलेला नट अर्ध्यात परत जाम होतो. बरेच बोल्ट असेच तुटतात, सुटल्यानंतर. मग तेल सोडा. डब्ल्यूडी-40 सगळ्यांना माहीत आहे, चालतं, पण त्याहून चांगलं म्हणजे पेनेट्रेटिंग ऑइल म्हणून वेगळं मिळतं ते. घरगुती करायचं तर एटीएफ म्हणजे पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल आणि अॅसिटोन अर्धं-अर्धं मिसळा, ते फार बारीक फटीत शिरतं, फक्त अॅसिटोन पटकन पेट घेतं आणि उडून पण जातं म्हणून लागेल तेवढंच बनवा आणि बिडी-सिगारेट लांब. रॉकेलमध्ये थोडं इंजिन ऑइल हा जुना मेस्त्री लोकांचा उपाय पण चालतो, त्याला दिवस जास्त द्या. सकाळ-संध्याकाळ दोन थेंब, बादलीभर ओतून उपयोग नाही.

प्रत्येक वेळी तेल टाकलं की ठोकायचं. हे लोक करत नाहीत. बोल्टच्या डोक्यावर सरळ, नटाच्या बाजूंवर चारही अंगाने, मध्यम फटके. मागून दुसरी जड हातोडी टेकवून ठेवा म्हणजे फटका वाया जात नाही. फटक्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल त्यातून आत जातं, नुसतं तेल टाकून महिनाभर बसलात तरी ते दुसऱ्या आट्याच्या पुढे जाईल याची खात्री नाही. स्टडच्या टोकावर मारताना मात्र नट स्टडच्या तोंडाबरोबर ठेवा, नाहीतर टोक पसरतं आणि मग नट तिथून बाहेरच येत नाही.

आता पाना लावा, आणि आधी कसायच्या दिशेला थोडंसं ढकला. हो, कसायच्याच. केसाएवढा जरी हलला तरी गंजाची पकड तुटते आणि मग उलट फिरवताना जोर निम्मा लागतो. सुटायला लागला की अर्धा फेरा मागे, पाव फेरा पुढे, तेलाचा थेंब, परत. ही घाई करायची जागा नाही.

पान्यातून हाताला काय कळतं त्यावर लक्ष ठेवा, सगळी कला इथेच आहे. खट्ट असा कोरडा आवाज येऊन नट हलला तर तो सुटला. चीं-चीं करत, कुरकुरत येतोय तर चांगलं आहे, गरम होतोय म्हणून थांबा, तेल द्या, परत चालू करा. पण आवाज काहीच नाही आणि पाना मात्र मऊ-मऊ, रबरासारखा येतोय, असं वाटलं तर तिथल्या तिथे हात थांबवा. नट फिरत नाहीये, बोल्ट पिळवटतोय, अजून दहा अंश गेलात तर तुकडा हातात येईल. इम्पॅक्ट गन असेल तर तिला पण छोट्या-छोट्या झटक्यांत चालवा, ट्रिगर दाबून धरू नका, कारण गनमधून हे काही हाताला कळतच नाही.

गॅस

भिजवून, ठोकून नाही आलं तर उष्णता. गरम नट करायचा, बोल्ट नाही. 20 मिमीचं भोक असलेला लोखंडी नट 300 अंशाने तापला की भोक साधारण 0.07 मिमीने मोठं होतं, ऐकायला काहीच नाही पण गंजाची पकड मोडायला पुरतं. म्हणून ज्योत नटाच्या बाजूंवर गोल फिरवा, पटकन, उष्णता बोल्टमध्ये उतरायच्या आत पाना लावा. अंधाऱ्या शेडमध्ये नट मंद लाल दिसायला लागला म्हणजे 550-600 अंशाच्या आसपास पोचलाय, त्याच्या पुढे नेऊ नका. त्यावरही नाही आला तर थोडा निवू द्या आणि आट्यांच्या मुळाशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं, आणि एरवी हट्टी नट मग बऱ्याचदा एका झटक्यात येतो. घरातल्या गॅसवर चालणारा छोटा टॉर्च एम 10-एम 12 पर्यंत ठीक, यू-बोल्टच्या जाड नटाला त्याने काही होत नाही, तिथे ऑक्सिजनवालाच बोलवा. लाल केलेला बोल्ट किंवा नट परत वापरायचा नाही, त्याचं पाणी (कडकपणा) उतरलेलं असतं, मग डोक्यावर 10.9 लिहिलेलं असलं तरी त्याला अर्थ राहत नाही.

कुठे गॅस लावायचा नाही ते मात्र पाठ करा. चाकाला टायर असताना नटाला किंवा रिमला ज्योत लावायची नाही, हवा काढली असली तरी नाही. आतलं रबर तापून गॅस सुटतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो, यात माणसं मेलेली आहेत. पुढचा एक्सल बीम, नकल, स्टिअरिंग आर्म, ड्रॅगलिंक यांना ज्योत दाखवायचीच नाही, त्यांना कारखान्यात पाणी दिलेलं असतं आणि ते गेलं की एक दिवस घाटात कळतं. ब्रेक पाइपमध्ये तेल असताना नाही. हाऊसिंगजवळ काम असेल तर आधी तेल काढा आणि ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची वाट) उघडा. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर ज्योत किंवा वेल्डिंग कधीच नाही, काही क्लीनरमध्ये क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं आणि ते तापलं की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट तापवताना पांढरा धूर येतो, तो पण ओढू नका, रात्री थंडी-ताप भरतो.

आता एकेक जागा

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. जुन्या बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, म्हणजे तिथे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला दिसतो, घासून बघा. हे न बघता पाइप लावून नट कसत बसणारे लोक आहेत, मग स्टड तुटला की मालाला शिव्या. रिम तीन तुकड्यांची, रिंगवाली असेल तर चाक काढायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा.

मग ऑइल प्लग. आधी वरचा भरायचा प्लग उघडा, मग खालचा. खालचा उघडून तेल सांडून बसलात आणि वरचा जाम निघाला तर गाडी जागेवरून हलवायची पण सोय राहत नाही.

एक्सल शाफ्टच्या फ्लँजचे नट तसे सुटतात, पण नट काढल्यावर फ्लँज येत नाही, कारण बऱ्याच गाड्यांत स्टडभोवती चिरलेले निमुळते कोन बसवलेले असतात आणि ते पाचरीसारखे घट्ट होतात. इथे छन्नी फ्लँज आणि हबच्या मध्ये घुसवायची नाही, पॅकिंगची जागा खराब होते आणि मग आयुष्यभर तेल गळतं. फ्लँजच्या मधोमध पितळी हातोडीने जोरात मारा, आणि फ्लँजच्या कडेवर स्टडच्या शेजारी-शेजारी. कोन टुणकन उडतात. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर ठेवा, नाहीतर कोन उडून कुठल्या कोपऱ्यात जातील ते शोधत बसावं लागतं. फ्लँजला आटे असलेली दोन रिकामी भोकं असतील तर ती त्यासाठीच दिलेली आहेत, दोन बोल्ट आलटून पालटून कसा, फ्लँज आपोआप बाहेर येतो. ड्रमला पण अशीच भोकं असतात, बघा.

हबचा मोठा नट छन्नी-हातोडीने फिरवायची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास आहे. करू नका. आधी लॉक वायसरचा (वॉशरचा) वाकवलेला कान पूर्ण सरळ करा, अर्धवट राहिला तर तोच आट्यात अडकतो. मग बरोबर मापाचा हब पाना आणा, नसेल तर टर्नरकडून जाड पाइपचा करून घ्या, कोल्हापूरला उद्यमनगरात किंवा कुठल्याही एमआयडीसीत अर्ध्या दिवसात होतो.

ड्रमच्या चपट्या स्क्रूंना इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा, बिट खाचेत पूर्ण बसलीय बघा, आणि मोठ्या हातोडीचा एकच ठणकावून फटका द्या. दहा हलके फटके खाच खराब करतात. ड्रम तरीही येत नसेल तर आत ओठ पडलेला असतो, अॅडजस्टर मागे घ्या, शू आत जातील.

ब्रेक पाइपच्या नटांना साधा पाना लावलात तर कोपरे गेलेच, फ्लेअर नटचा अर्धवट उघडा रिंग पाना मिळतो तो घ्या. ब्लीड स्क्रूवर (ब्रेकमधली हवा काढायच्या स्क्रूवर) फार वेळ घालवू नका, जुन्या गाडीत व्हील सिलिंडर नवीनच टाकायचा असतो.

यू-बोल्ट सरळ कापा. चेसिस वेगळ्या घोडीवर, एक्सलखाली वेगळा जॅक, पाट्यांवर वजन शून्य, मग ग्राइंडर. ठिणग्या डिझेल टाकीकडे आणि ब्रेकच्या रबरी नळीकडे जाणार नाहीत असं बघा, ओलं पोतं आड धरा. जुने यू-बोल्ट परत टाकायचे नाहीत, एकदा कसले की ते ताणलेले असतात.

डिफरन्शियलचे नट काढल्यावर पण तो हाऊसिंगला चिकटलेला असतो, पॅकिंग आणि सिलिकॉनमुळे. खाली जॅक द्या कारण सुटला की चांगलाच जड आहे, मग कडेवर लाकूड ठेवून घण मारा. आत बेरिंग कॅप काढायच्या आधी पंचने डाव्या-उजव्या खुणा करा, त्या अदलाबदल होऊन चालत नाहीत. क्राउनचे (आतल्या मोठ्या दातेरी चक्राचे) बोल्ट अडले तर गंज नसतो, लाल थ्रेडलॉक (आटे चिकटवणारा गोंद) असतो, तो साधारण 250 अंशाला मऊ पडतो. क्राउन-पिनियन परत वापरायचा असेल तर बोल्टाच्या डोक्यालाच थोडी उष्णता द्या, दात तापवू नका. पुढचा किंगपिन (चाक ज्याच्यावर वळतं ती उभी पिन) मात्र गाडीखाली घण मारून काढायच्या नादाला लागू नका. आडवी कॉटर पिन काढा, बीम उतरवा आणि हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडे न्या.

नट गोल झाला किंवा स्टड तुटला

कोपरे गेलेल्या नटावर थोडी लहान इंची गोटी ठोकून बसवा. 24 च्या झिजलेल्या नटाला 15/16 इंच म्हणजे 23.8 मिमीची गोटी चपखल बसते. नाही जमलं तर नट फाडा, फुलीवाला असेल तर ग्राइंडरने, गोलवाला असेल तर नटाच्या एका बाजूला स्टडला समांतर ड्रिल मारा, आटे लागायच्या आधी थांबा, मग छन्नीचा एक फटका. नट उघडतो, स्टड जसाच्या तसा.

स्टड तुटून थोडा बाहेर असेल तर त्याच्यावर नवीन नट ठेवून आतून वेल्डिंग भरा. थोडं थांबा, लाली जाऊ द्या, मग हळूच पाना लावा. वेल्डिंगची उष्णताच निम्मं काम करते, म्हणून हा उपाय सगळ्यात भरवशाचा. पहिल्या वेळी वेल्ड तुटला तर परत करा.

आतच तुटला असेल तर तुकड्याचं तोंड सपाट करा, बरोबर मध्यावर पंच मारा, याला वेळ द्या कारण पंच सरकला की ड्रिल मऊ बिडात पळतं. आधी 3-4 मिमी, मग वाढवत जा, शेवटी एम 10 ला 8.5 आणि एम 12 ला 10.2, मग टॅप. उलट्या फिरणाऱ्या ड्रिल बिट मिळाल्या तर त्या वापरा, कधी कधी ड्रिल मारता मारताच तुकडा बाहेर येतो. इझी-आउट (तुटका तुकडा काढायची उलट्या आट्यांची काडी) मला आवडत नाही. जो स्टड एवढ्या मोठ्या पान्याने आला नाही तो या काडीने काय येणार, आणि ती आत तुटली की इतकी कडक असते की साधं ड्रिल तिच्यावर फिरत राहतं. मग एकच उपाय, टूलरूममध्ये स्पार्क मशीनवर (ठिणगीने धातू खाणारं मशीन) न्यायचं, पुण्यात भोसरी-चिंचवडला हे काम होतं, पण हाऊसिंग उचलून न्यावं लागतं. आटे गेलेच तर हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेचे नवे आटे) टाका, व्यवस्थित बसवला तर मूळ आट्यांपेक्षा कमी नसतो.

परत जोडताना

प्रत्येक स्टडवर डाय आणि प्रत्येक भोकात टॅप हाताने फिरवून घ्या, कचरा उडवा. नवीन नट-बोल्ट त्याच ग्रेडचे, डोक्यावर 8.8 किंवा 10.9 बघून, सुट्या किलोवर मिळणारे बिनखुणेचे नकोत. लॉक वायसर आणि स्प्लिट पिना सगळ्या नव्या. ब्रॅकेट, बॅकप्लेट, शॉकॉब इथे आट्यांना कॉपर ग्रीस लावा, चाकाच्या नटांना लावू नका, तिथे आटे घसरट झाले की त्याच टॉर्कला नट जास्त कसला जातो आणि स्टड ताणतो. यू-बोल्ट तिरपे आलटून पालटून कसा, माल भरून शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालवा आणि परत एकदा टॉर्क रेंच लावून बघा, थोडे ढिले मिळतीलच, पाटे बसलेले असतात.